मुदतपूर्तीची तारीख दोन दिवस पुढे का गेली? एका पतसंस्थेसाठी लिहिलेल्या ‘दिनांक’ क्लासचे प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेस, महाराष्ट्रातील चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत काम करणाऱ्या एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक प्रणालीत तारखांचा मोठा घोळ झाला होता. तो निस्तरताना आम्ही ‘दिनांक’ नावाचा एक छोटा क्लास, म्हणजे तारखा हाताळणारा प्रोग्रॅमचा स्वतंत्र भाग, लिहिला. संस्थेचे नाव येथे देण्याची गरज नाही. तिचा बहुतेक व्यवहार पिग्मी (एजंटने दारोदार जाऊन रोज गोळा केलेली छोटी बचत), आवर्त ठेव (दर महिन्याला हप्त्याने भरायची) आणि मुदत ठेव यांचा आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली पिग्मीची पद्धत कर्नाटकात इतकी रुजली आहे की आमच्या भागात सोसायटी म्हटले की आधी पिग्मी एजंटच डोळ्यांसमोर येतो. अशा संस्थेत रकमा लहान असल्या तरी तारखा फार असतात, आणि प्रत्येक तारखेवर कोणाचे तरी व्याज अवलंबून असते.

तक्रार अशी होती. एका वयस्कर ठेवीदाराने ३१ ऑगस्ट २०२३ रोजी एक लाख रुपये सहा महिन्यांसाठी ८ टक्क्यांनी ठेवले. शाखेतल्या हाताने लिहिलेल्या नोंदवहीत मुदतपूर्तीची तारीख २९ फेब्रुवारी २०२४ अशी होती, तर संगणकाने छापलेल्या पावतीवर २ मार्च २०२४. ठेवीदार वहीप्रमाणे २९ फेब्रुवारीलाच पैसे न्यायला आले, तेव्हा प्रणालीने मुदत संपली नसल्याचे दाखवून मुदतपूर्व ठेव मोडल्याचा दंड लावला. ज्या एजंटबाईंनी ही ठेव आणली होती त्या आम्हाला म्हणाल्या, “सर, वहीत एकोणतीस लिवलंय आन् पावतीवर दोन मार्च. म्हाताऱ्या माणसाला मी काय सांगू?” दंड संस्थेने त्याच आठवड्यात परत केला. पण हा प्रश्न एका पावतीपुरता नव्हता. महिन्याच्या २९, ३० आणि ३१ तारखेला उघडलेली कितीतरी खाती त्याच प्रोग्रॅममधून गेली होती.

प्रोग्रॅम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला होता आणि त्यात भाषेच्या पहिल्या आवृत्तीपासूनचा जुना ‘डेट’ क्लास वापरला होता. या क्लासमध्ये महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. वर्ष १९०० वजा करून लिहितात, म्हणजे २०२४ साठी १२४. मूळ लेखकाने काही ठिकाणी महिन्यात एक मिळवला होता, काही ठिकाणी नव्हता, आणि ज्या ठिकाणी नव्हता तेथे नंतर कोणीतरी छापताना दुरुस्ती केली होती. पावतीतील चुकीचे कारण मात्र वेगळे होते. सहा महिने पुढे जाण्यासाठी महिन्याच्या आकड्यात सहा मिळवले जात, दिवस ३१ तसाच राही. जुना ‘डेट’ क्लास ३१ फेब्रुवारी ही तारीख नाकारत नाही. तो उरलेले दिवस निमूटपणे पुढच्या महिन्यात ढकलतो, आणि २०२४ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा असल्याने ३१ वजा २९ असे दोन दिवस मार्चमध्ये जातात. क्लासच्या अधिकृत वर्णनात हे वागणे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे त्याला भाषेतला दोष म्हणता येणार नाही. माझ्या मते तो चुकीचा निर्णय होता: अस्तित्वात नसलेली तारीख मागणाऱ्याला नकार मिळायला हवा, कारण असा माणूस बहुतेक वेळा चुकलेला असतो आणि ते त्याला त्याच क्षणी कळणे त्याच्या हिताचे असते.

तपासात याहून गंभीर गोष्ट पुढे आली. जुन्या क्लासचा ऑब्जेक्ट, म्हणजे त्या क्लासवरून बनवलेली एकेक तारीख, तयार झाल्यावरही बदलता येतो. व्याज काढणारी मेथड (क्लासने करायचे एक काम) ठेवीच्या ऑब्जेक्टकडून आरंभाची तारीख मागून घेत असे आणि तिच्यातच महिने मिळवत असे. ठेवीने दिलेली ती तारीख प्रत नव्हती, मूळ ऑब्जेक्टच होता. त्यामुळे व्याज काढून झाल्यावर ठेवीची आरंभाची तारीखही पुढे सरकलेली असे, आणि त्याच बैठकीत दुय्यम पावती छापली तर तिच्यावर ठेव उघडल्याची तारीखच २ मार्च २०२४ येई. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की तारीख जागेवर, म्हणून शाखेतल्या लोकांनी तो छपाईचा दोष मानला होता. प्रोग्रॅमचा कोणताही भाग वेगळा तपासला तर तो बरोबर चाले. चूक दोन भागांनी एकच ऑब्जेक्ट वाटून घेण्यात होती, आणि अशी चूक शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

येथे एक प्रश्न कोणीही विचारील: जावाच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०१४ पासून, ‘लोकलडेट’ हा उत्तम क्लास तयार आहे, मग स्वतःचा लिहिण्याचा खटाटोप कशाला? शाखांमधील संगणक जुने होते, पासबुक छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या जोडणीमुळे त्यांच्यावर जावाची सहावी आवृत्तीच चालवावी लागत होती आणि ते बदलण्यास संचालक मंडळाने त्या आर्थिक वर्षात पैसे मंजूर केले नव्हते. हे बंधन नसते तर आम्ही ‘लोकलडेट’च घेतला असता, आणि इतरांनीही तोच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. स्टीफन कोलबोर्न यांच्या ‘जोडा-टाइम’ या लायब्ररीच्या (तयार क्लासेसच्या संग्रहाच्या) अनुभवातून त्याची रचना घडली आहे. आमच्या क्लासची बरीचशी तत्त्वे त्याच्याचकडून घेतलेली आहेत.

पहिला निर्णय असा की ‘दिनांक’ म्हणजे फक्त कॅलेंडरवरचा एक दिवस. त्यात वेळ नाही, घड्याळ नाही, देश नाही. दुसरा असा की तो एकदा तयार झाला की बदलत नाही. ‘दिवस मिळवा’ म्हटले की नवा ऑब्जेक्ट हाती येतो आणि जुना होता तसा राहतो. ऑब्जेक्ट बनवणारा कन्स्ट्रक्टर खासगी ठेवला आणि तयार करण्याची वाट एकच ठेवली, जेथे वर्ष, महिना आणि दिवस तपासले जातात. ३१ जून किंवा २९ फेब्रुवारी २०२३ दिली तर एक्सेप्शन येते, म्हणजे काम तेथेच थांबून चुकीचा संदेश मिळतो, आणि त्या संदेशात नेमकी कोणती तारीख नाकारली ते लिहिलेले असते. वर्षांची मर्यादा १९०० ते २१०० ठेवली. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला आणि ब्रिटनने तोच बदल १७५२ मध्ये केला, हे सर्व कॅलेंडरच्या इतिहासात महत्त्वाचे आहे, पण ठेवीदारांच्या तारखा तितक्या मागे जात नाहीत.

ऑब्जेक्टच्या आत काय साठवायचे यावर आमच्यात चर्चा झाली. वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे ठेवले तर छापणे सोपे, पण दोन तारखांमधील दिवस मोजणे कटकटीचे. आम्ही एकच पूर्णांक ठेवला, १ जानेवारी १९७० ला शून्य धरून मोजलेले दिवस. या मोजणीत ३१ ऑगस्ट २०२३ हा १९६०० वा दिवस येतो आणि २९ फेब्रुवारी २०२४ हा १९७८२ वा. वजाबाकी १८२, आणि ठेवीचे व्याज तेवढ्याच दिवसांचे. चुकीच्या पावतीने १८४ दिवस धरले होते. लाखावर ८ टक्क्यांनी, वर्षाचे ३६५ दिवस धरून, दोन दिवसांचा फरक ४३ रुपये ८४ पैसे होतो. वारही त्याच आकड्यातून निघतो: १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता, १९६०० ला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून ३१ ऑगस्ट २०२३ लाही गुरुवारच.

तारखेवरून हा आकडा काढण्याची रीत मला फार आवडते, म्हणून ती थोडी सविस्तर देतो. वर्ष मार्चपासून सुरू झाले असे धरायचे. मग लीप वर्षाचा जादा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधल्या कोणत्याही हिशेबाला त्याचा अडथळा होत नाही. मार्चपासून पाच महिने ३१, ३०, ३१, ३०, ३१ असे मिळून १५३ दिवस होतात, ऑगस्टपासूनचे पाच महिने पुन्हा त्याच क्रमाने १५३ दिवसांचे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो क्रम तिसऱ्यांदा सुरू होऊन अर्धाच राहतो. म्हणून मार्चला शून्य मानून महिन्याचा क्रमांक १५३ ने गुणायचा, दोन मिळवायचे, पाचाने भागायचे आणि बाकी सोडून द्यायची. त्या महिन्यापूर्वीचे दिवस मिळतात. ऑगस्टचा क्रमांक पाच. ७६५ अधिक दोन भागिले पाच म्हणजे १५३. महिन्यांच्या दिवसांची यादी लागत नाही, एकही ‘जर-तर’ लागत नाही. लीप वर्षाचा नियम वेगळा जोडायचा: चारने भाग जाणारे वर्ष लीप, शतकाचे असेल तर चारशेने भाग गेला तरच. म्हणून २००० लीप आणि २१०० नाही. चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस होतात आणि त्यांना सातने पूर्ण भाग जातो, त्यामुळे दर चारशे वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा तसेच जुळतात.

पडताळणीसाठी नव्या संगणकावर ‘लोकलडेट’ आणि आमचा ‘दिनांक’ शेजारी चालवून १ जानेवारी १९०० ते ३१ डिसेंबर २१०० या सर्व ७३,४१४ दिवसांची तुलना केली. काही नमुना तारखा निवडून समाधान मानण्यापेक्षा, मर्यादा इतकी लहान असताना सगळेच दिवस तपासणे मला योग्य वाटते.

इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी) आणि हॅशकोड (संचात ऑब्जेक्ट शोधण्यासाठी आकडा देणारी) या दोन मेथड्स लिहिण्यास विसरू नये. त्या नसतील तर एकाच दिवसाचे दोन वेगळे ऑब्जेक्ट जावा भिन्न मानते, आणि मग सुट्ट्यांच्या संचात असलेला दिवसही सापडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘सहा महिन्यांनंतर’ म्हणजे कोणती तारीख? दिवस मिळवणे हे अंकगणित आहे, त्याचे उत्तर एकच. महिने मिळवणे हा करार आहे, आणि कराराचा नियम कोणीतरी ठरवावा लागतो. तो आपल्याकडे फार पूर्वी ठरलेलाही आहे. धनादेश न वटल्याच्या खटल्यांमुळे ज्याचे कलम १३८ सर्वांच्या कानावर असते, त्याच १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम २३ सांगते की महिन्यांत मोजलेली मुदत ज्या महिन्यात संपते त्यात तीच तारीख नसेल, तर मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपली असे धरावे. २९ जानेवारी १८७८ ला लिहिलेल्या एक महिन्याच्या दस्तऐवजाची मुदत २८ फेब्रुवारीला धरावी आणि त्यावर सवलतीचे तीन दिवस द्यावेत, असे उदाहरणही त्यात दिले आहे. हे कलम वचनचिठ्ठी आणि हुंडीसाठी आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते आपोआप लागू होत नाही. पण शाखेतल्या कारकुनाने वहीत २९ फेब्रुवारी लिहिले ते याच जुन्या रिवाजाने, आणि संस्थेने तोच नियम ठरावाने मान्य केला. आमच्या क्लासमधील ‘महिनेमिळवा’ ही मेथड त्या ठरावाप्रमाणे चालते आणि तिच्या वर्णनात ठरावाचा उल्लेख आहे.

तरीही आवर्त ठेवीत एक फट राहिली होती. ३१ जानेवारी २०२४ ला सुरू झालेल्या ठेवीचा पुढचा हप्ता २९ फेब्रुवारीला येतो, तो बरोबर. पण त्यानंतरचा हप्ता मागच्या हप्त्यावरून काढला तर २९ मार्च येतो, मग २९ एप्रिल, आणि मूळची ३१ तारीख कायमची हरवते. हप्ता नेहमी पहिल्या तारखेपासून मोजला पाहिजे: पहिली तारीख अधिक एक महिना, पहिली अधिक दोन, पहिली अधिक तीन. मग २९ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल असा योग्य क्रम येतो. तारखेच्या क्लासला हे कळण्याचा मार्ग नाही, कारण त्याच्याकडे फक्त एक दिवस असतो, त्या दिवसाचा इतिहास नसतो. म्हणून ‘हप्तेवेळापत्रक’ हा वेगळा क्लास केला, जो पहिली तारीख शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवतो.

सुट्ट्यांच्या बाबतीत सीमाभागाचा प्रश्न आणखी वेगळा. संस्था कर्नाटकातली, म्हणून १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला बंद. काही एजंट आणि बरेच खातेदार चंदगड तालुक्यातले, तेथे १ नोव्हेंबर कामाचा दिवस. उलट १९ फेब्रुवारीची शिवजयंती महाराष्ट्राच्या सुट्ट्यांच्या यादीत. तारीख हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच असते, तो दिवस कामाचा आहे की नाही हे मात्र बदलते. शिवाय सुट्टी आली तर पुढे जायचे की मागे, हेही व्यवहारागणिक वेगळे: वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी आली तर कलम २५ प्रमाणे आधीचा कामाचा दिवस धरतात, तर बँकेतल्या मुदत ठेवीचे पैसे पुढच्या कामाच्या दिवशी देतात आणि मधल्या दिवसांचे व्याजही देतात. ‘हा दिवस सुट्टीचा आहे का’ ही मेथड ‘दिनांक’मध्ये घालावी असा आग्रह संस्थेच्या बाजूने झाला होता. आम्ही तो मानला नाही. ‘सुट्टीपत्रक’ हा क्लास निराळा ठेवला आणि प्रत्येक शाखेला तिचे पत्रक दिले.

पावतीवर तिथी छापावी, ही सचिवांची मागणी मला मनापासून पटली होती, कारण आमच्याकडे पाडव्याला नवी ठेव उघडणारे अनेक आहेत. मात्र तिथी सूर्य आणि चंद्र यांच्या स्थितीवर ठरते, तिचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक महिना येतो. दिवसांच्या आकड्यावरून ती काढता येत नाही, पंचांगच लागते. भारतीय राष्ट्रीय पंचांगाचे तसे नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ते २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, अमलात आले, आणि ते शुद्ध अंकगणित आहे: चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो. पण २०२४ मध्ये त्याचा १ चैत्र २१ मार्चला होता आणि गुढीपाडवा ९ एप्रिलला. पावतीवर राष्ट्रीय पंचांगाची तारीख छापली असती तर प्रत्येक खातेदाराने ती चुकीची तिथी म्हणून परत आणली असती. शेवटी पंचांगावरून भरलेली तिथींची वार्षिक यादी छपाईच्या भागाला जोडली. महिन्यांची नावे मराठीत की कन्नडमध्ये छापायची, हेही तोच भाग ठरवतो.

घड्याळाचा प्रश्न सर्वांत शेवटी सापडला. जुना ‘डेट’ हा नावाने तारीख असला तरी प्रत्यक्षात एक क्षण साठवतो, १९७० पासूनचे मिलिसेकंद. मुख्य कार्यालयाने खाती भाड्याच्या सर्व्हरवर हलवली तेव्हा त्या सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, होते. भारतात १ एप्रिल २०२४ ची मध्यरात्र म्हणजे तेथे ३१ मार्चचे सायंकाळचे साडेसहा. सर्व्हरने तो क्षण तारीख म्हणून मजकुरात लिहिला आणि नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभीच्या शिल्लक नोंदी मागच्या वर्षात गेल्या. लेखापरीक्षकाला दोन वर्षांचा ताळेबंद जुळेना तो यामुळे. ‘दिनांक’मध्ये वेळच नसल्याने हा प्रकार आता घडूच शकत नाही, शाखेत १९८१४ हा आकडा लिहिला की तो कोणत्याही सर्व्हरवर १ एप्रिलच राहतो.

जुनी माहिती नव्या प्रणालीत आणताना काही शाखांनी एक्सेलचे तक्ते पाठवले. एक्सेलचा अनुक्रमांक आणि आमचा आकडा यांत २५५६९ चा फरक असतो, तो वजा केला की झाले. मात्र एक्सेल १९०० हे वर्ष लीप मानते, म्हणून १ मार्च १९०० पूर्वीचे अनुक्रमांक घ्यायचे नाहीत. ज्या रकान्यांत तारीख मजकूर म्हणून होती तेथे ०५/०४/२०२४ हे ५ एप्रिल की ४ मे, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. काही नोंदी देवनागरी अंकांत होत्या. जावा असा मजकूर पूर्णांकात बरोबर रूपांतरित करते, पण अंक ओळखणारा नेहमीचा पॅटर्न फक्त इंग्रजी अंकांना जुळतो, म्हणून त्या नोंदी आधी रिकाम्या ठरल्या होत्या.

अज्ञान (अठरा वर्षांखालील) खातेदारांपैकी २९ फेब्रुवारी २००४ ला जन्मलेला मुलगा २०२२ मध्ये कोणत्या दिवशी सज्ञान झाला, हा प्रश्न मंडळापुढे ठेवला. मंडळाने १ मार्च ठरवला; खाते एक दिवस उशिरा ताब्यात देण्याने कोणाचे नुकसान होत नाही, हे त्यांचे कारण मला योग्य वाटते. ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजासाठी साठीची तारीख काढताना ही अडचण येत नाही, कारण साठला चारने भाग जातो. अपवाद फक्त २९ फेब्रुवारी २०४० ला जन्मणाऱ्यांचा. वयस्कर खातेदारांत १ जून या जन्मतारखेची फार गर्दी दिसली, ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. ती तारीख वैध आहे, आणि क्लासने तेवढेच तपासायचे असते.

वैध न ठरलेल्या नोंदी, म्हणजे ३१ जून, ३० फेब्रुवारी आणि सगळी शून्ये, आम्ही आपोआप दुरुस्त केल्या नाहीत. रिकाम्या जागी १ जानेवारी भरण्याची सवय अनेक प्रणालींत आहे. ती आम्ही नाकारली, कारण एकदा भरलेली खोटी तारीख खऱ्या तारखांत मिसळली की पुन्हा वेगळी काढता येत नाही. अशा खात्यांना ‘तारीख अनिर्णित’ अशी वेगळी स्थिती दिली. सर्व्हरच्या घड्याळामुळे एक दिवस मागे सरकलेल्या नोंदी क्लासला ओळखता येत नव्हत्या, कारण त्या दिसायला निर्दोष होत्या; त्या शाखेतल्या लोकांनी रोजच्या किर्दीशी ओळीने ताडून पाहिल्या. अनिर्णित खात्यांवर प्रणाली व्याज काढत नाही आणि पावतीही छापत नाही. खातेदाराचा मूळ अर्ज किंवा किर्दीचे पान पाहून सचिव तारीख भरतात, आणि ती कोणत्या कागदावरून घेतली ते नोंदीसोबत लिहितात.